लाजाळू मुलगी, चुळबुळा मुलगा आणि रात्री जागणारा विद्यार्थी

या वेळच्या पत्रांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं आहे : ‘मुळात स्वभावच तसा आहे, आता काय करायचं?’ कुणी मुलाबद्दल विचारलंय, कुणी स्वतःबद्दल. शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी सतत ऐकते आणि त्यावर माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो. स्वभाव तसा आहे हे मान्य. पण त्या माणसाकडून नेमकं काय मागितलं जातंय? किती वेळात, किती लोकांसमोर, दिवसाच्या कुठल्या प्रहरी? ही दुसरी बाजू कळल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही. म्हणून खाली काही ठिकाणी मीच तुम्हाला उलट प्रश्न विचारले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. घरात अखंड बडबड, गाणी, नकला. शाळेत मात्र अगदी विचारलं तर एखादा शब्द. कुणाकडे गेलो की बराच वेळ मला चिकटून बसते. मैदानावर सगळी मुलं खेळत असतात, ही कडेला उभी राहून बघते. आजी म्हणते, तुम्ही तिला फार जपता, ढकलल्याशिवाय ती धीट होणार नाही. तिचे बाबा म्हणतात, तिला तिच्या कलानं घेऊ द्या. बरोबर कोण?

उत्तर : ‘कडेला उभी राहून बघते’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्यानंतर काय होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. थोड्या वेळानं ती आपणहून आत जाते का? मैदानावर पाहिलेला खेळ घरी येऊन, नियमांसकट, बाहुल्यांशी खेळते का? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल, तर ती कडेला उभी राहते तो वेळ वाया जात नाहीये. तेवढ्या वेळात तिचा अभ्यास चाललेला असतो : इथले नियम काय, कोण ढकलतं, हरलं तर काय होतं. काही मुलं आधी उडी मारतात आणि मग शिकतात, काही आधी शिकतात आणि मग उतरतात.

अशी मुलं नेहमीच असतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली एक अभ्यास सुरू केला. सव्वाशेहून अधिक मुलांना त्यांनी तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाहिलं. बाळ किती हालचाल करतं, झोपेची आणि भुकेची वेळ ठरलेली असते का, नवं काही समोर आलं की पुढे सरकतं की मागे, बदल किती लवकर पचतो, रडणं-हसणं किती जोरात, लक्ष किती पटकन उडतं, एखाद्या गोष्टीमागे किती वेळ लागतं, अशा नऊ गोष्टी ते नोंदवत. सुमारे ४० टक्के मुलं सहज रुळणारी निघाली, सुमारे १० टक्के सांभाळायला अवघड आणि सुमारे १५ टक्के तुमच्या मुलीसारखी, हळूहळू मोकळी होणारी. उरलेली ३५ टक्के मुलं कुठल्याच कप्प्यात बसली नाहीत, हेही लक्षात ठेवा. पण त्यांच्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग टक्केवारीत नाही. पुढे कुणाला त्रास होईल आणि कुणाला नाही, हे केवळ मुलाच्या स्वभावावरून सांगता येत नव्हतं. स्वभाव आणि आजूबाजूच्या माणसांच्या अपेक्षा यांची जुळणी कशी आहे, यावर ते ठरत होतं. सांभाळायला अवघड म्हणून नोंदलेली मुलंही जुळणी चांगली असेल तिथे छान वाढली.

आता आजी आणि बाबा. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर हलणारी रंगीत खेळणी धरली, अनोळखी आवाज ऐकवले, वास दिले. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडायचं आणि रडायचं. या बाळांपैकी पुष्कळ जण पुढे अनोळखी माणसांपुढे बुजरे झाले. म्हणजे तुमच्या मुलीची ही ठेवण तुमच्या लाडामुळे तयार झालेली नाही. बहुधा ती तान्ही असल्यापासूनच तिच्यासोबत आहे. तेव्हा स्वतःला दोष देणं आजच थांबवा. पण केगन यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरांत बाळाला प्रत्येक छोट्या अडचणीतून लगेच उचलून घेतलं जात होतं, तिथे ही मुलं जास्त भित्री राहिली. जिथे आईवडील प्रेमळ होते, पण मर्यादा घालत आणि थोडं अवघडलेपण सोसू देत, तिथे भीती ओसरत गेली.

म्हणजे बाबांचं ‘कलानं घ्या’ बरोबर आहे आणि आजीचं ‘जपू नका’ हेही बरोबर आहे. चूक फक्त ‘ढकला’ या शब्दात आहे. ढकललेली मुलगी एकच गोष्ट शिकते, की आईचा हात केव्हाही सुटू शकतो. मग ती आणखी घट्ट धरते.

करायचं काय? तिला शाळेत पाच-दहा मिनिटं लवकर नेऊन सोडा. भरलेल्या वर्गात शिरणं आणि रिकाम्या वर्गात बसून एकेकाला येताना बघणं, यात अशा मुलांसाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो. वर्गातली एकच मैत्रीण निवडून तिला घरी बोलवा. घराच्या आवारात जो आवाज फुटतो तो त्या मैत्रिणीसोबत हळूहळू शाळेतही जातो. कुणाकडे जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा : कोण असेल, किती वेळ थांबायचं, कंटाळा आला तर तिनं तुम्हाला कशी खूण करायची. बाईंना विनंती करा की तिला अचानक उभं करू नका. ‘या दोघींनंतर तुझी पाळी’ असं आधी सांगा. आणि कुणी तिला नाव विचारलं तर उत्तर तुम्ही देऊ नका. मनातल्या मनात सावकाश दहा मोजा. शांततेचा तो वेळ तुम्हाला जड जाईल, कारण समोरचा माणूस तुमच्याकडे बघत असेल. तरी थांबा. बहुतेक वेळा आपण तिसऱ्या आकड्यालाच तिच्या वतीनं बोलून मोकळे होतो.

एक गोष्ट मात्र पूर्ण बंद करा. तिच्या देखत ‘ती लाजाळूच आहे’ असं पाहुण्यांना सांगू नका. तिनं अजून स्वतःबद्दल काही ठरवलेलं नाही, ते आपण आधीच ठरवून देऊ नये. त्याऐवजी ‘तिला थोडा वेळ लागतो, मग बोलेल’ असं म्हणा. हे खरंही आहे आणि तिला पुढची वाटही दाखवतं.

सीमारेषाही सांगते. घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिन्याहून अधिक काळ अजिबातच बोलत नसेल, शाळा सुरू झाल्याचा पहिला महिना सोडूनही, आणि त्यामुळे शिकणं, मैत्री, अगदी ‘मला बरं वाटत नाही’ हे सांगणंही अडत असेल, तर ते केवळ बुजरेपण नसतं. अशा वेळी वाट बघत बसू नये. बालमानसतज्ज्ञांना दाखवावं, त्यावर चांगले उपचार आहेत. तुमची मुलगी विचारल्यावर बोलते आहे, म्हणून आत्ता मला तशी शंका वाटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा वर्गात स्वस्थ बसत नाही. ओळीत धक्काबुक्की करतो, वहीतलं अर्धंच उतरवतो, पेन्सिल तर तासाला एक हरवतो. शाळेनं ‘अतिचंचलतेसाठी तपासून घ्या’ असं सांगितलंय. तो नुकताच सहा वर्षांचा झाला. वर्गातली बरीच मुलं जवळजवळ सात वर्षांची आहेत. आम्ही घाबरून गेलो आहोत.

उत्तर : तपासणीला घाबरू नका, पण तपासणीला जाताना त्याची जन्मतारीख आणि प्रवेशाची शेवटची तारीख अशा दोन्ही तारखा लिहून न्या. ‘नुकताच सहा वर्षांचा झाला’ हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला तो सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो. सहा वर्षांच्या मुलासाठी अकरा महिने म्हणजे आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. शेजारच्या बाकावरच्या मुलाला हात स्थिर ठेवायला, पाळीची वाट बघायला, बाईंची तीन टप्प्यांची सूचना डोक्यात धरायला तेवढा जास्त अवधी मिळालेला आहे.

हा केवळ माझा अंदाज नाही. अमेरिकेत ज्या राज्यांत १ सप्टेंबर ही प्रवेशाची मर्यादा आहे तिथल्या लाखो मुलांच्या नोंदी २०१८ मध्ये तपासल्या गेल्या. ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यात लहान, सप्टेंबरमध्ये जन्मलेली सगळ्यात मोठी. लहानांमध्ये अतिचंचलतेचं निदान मोठ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त होतं. जिथे १ सप्टेंबरची मर्यादा नव्हती, तिथे या दोन महिन्यांत असा फरक दिसला नाही. मेंदूचा विकार जन्माचा महिना बघून येत नाही. म्हणजे काही मुलांच्या बाबतीत वय कमी असणं हेच आजाराच्या नावानं नोंदलं गेलं.

याचा अर्थ निदान खोटं असतं असा मुळीच नाही. अवधान कमी पडणं आणि अतिचंचलता ही खरी अडचण आहे आणि वेळेवर ओळखली तर मुलाचा रोजचा अपमान वाचतो. पण ते ठरवायला लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्याच वयाच्या मुलांशी तुलना करावी लागते. त्याच वर्गातल्या नव्हे. म्हणून माझे प्रश्न : घरी आवडीचा ठोकळ्यांचा खेळ घेतला तर किती वेळ बसतो? आपल्याहून वर्षानं लहान मुलांमध्ये कसा वागतो? रात्री किती तास झोपतो, घोरतो का? फळ्यावरचं नीट दिसतं का, मागून हाक मारली तर ऐकू येतं का? झोप, डोळे आणि कान या तीन गोष्टी आधी बघा. वहीत अर्धंच उतरवणाऱ्या मुलांपैकी काहींना फळा धूसर दिसत असतो, आणि सहा वर्षांच्या मुलाला आपल्याला कमी दिसतं हे कळायला कुणाचे तरी चांगले डोळे थोडा वेळ उसने मिळायला हवेत.

दरम्यान बाईंशी बोला. त्याला पुढच्या बाकावर बसवता येईल का, वह्या वाटणं, फळा पुसणं अशी उठायची कामं देता येतील का, सूचना एका वेळी एकच देता येईल का? यातलं काहीच आजाराच्या शिक्क्यावर अवलंबून नाही. शिक्का बसो वा न बसो, हे उद्यापासून करता येतं.

प्रश्न : बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि योग्य करिअर सांगणारी चाचणी करून घ्यावी का?

उत्तर : नाही. ठशांच्या रेषा आणि शिकण्याची क्षमता यांचा असा संबंध असल्याला शास्त्रीय आधार नाही. मला या चाचण्यांचा मनापासून राग आहे, कारण दहा वर्षांच्या मुलीला ‘तुझा मेंदू गणितासाठी बनलेला नाही’ असा छापील कागद मिळतो आणि ती तो खरा मानून पुढची कित्येक वर्षं तसं वागते. मुलीला काय आवडतं आणि कुठे अडतं, ते तिच्या शेजारी बसून एक गणित सोडवताना तुम्हाला जास्त कळेल.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे. एका ऑनलाइन चाचणीत मी ‘बघून शिकणारा’ निघालो. तेव्हापासून पुस्तक वाचणं सोडलं, फक्त व्हिडिओ बघतो आणि रंगीत नोट्स काढतो. बघताना सगळं कळतं, परीक्षेत मात्र आठवत नाही. शिवाय मला रात्री अकरानंतरच सुचतं, सकाळी उठवत नाही. आई आळशी म्हणते. माझ्या पद्धतीनं शिकूनही असं का होतं?

उत्तर : तू मोकळेपणानं लिहिलंस हे बरं झालं, कारण तुझ्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. पहिला सोडवू.

कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी करून, ही कल्पना जगभर लोकप्रिय आहे. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी तिचा पुरावा शोधला. पुरावा कसा असायला हवा, ते आधी बघ. ‘बघणारे’ आणि ‘ऐकणारे’ असे गट करायचे, दोन्ही गटांतल्या निम्म्यांना चित्रांतून आणि निम्म्यांना आवाजातून तोच धडा शिकवायचा, मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायची. बघणारे चित्रांतून जास्त शिकले आणि ऐकणारे आवाजातून, असं दिसलं तरच कल्पना टिकते. असे नीट रचलेले प्रयोग फारच थोडे सापडले आणि त्यांतल्या बहुतेकांचे निष्कर्ष या कल्पनेच्या उलट निघाले. आवड खरी असते; तुला व्हिडिओ आवडतात, यात खोटं काही नाही. पण आवडीच्या पद्धतीनं शिकलं की जास्त टिकतं, हे सिद्ध झालेलं नाही. पद्धत बरीचशी विषय ठरवतो : नकाशा बघावाच लागतो, उच्चार ऐकावाच लागतो, भूमितीतली आकृती स्वतःच्या हातानं काढावीच लागते.

मग बघताना कळलेलं परीक्षेत का जातं? ओळखीचं वाटणं आणि आठवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६ मधला प्रयोग तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनी काही उतारे दोनदा वाचले. काही उतारे एकदाच वाचून मग न बघता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं ८१ टक्के आठवलं, लिहून काढलेलं ७५ टक्के. आठवड्यानं मात्र चित्र उलटलं : दोनदा वाचलेलं ४२ टक्के, लिहून काढलेलं ५६ टक्के. रंगीत नोट्स तुला त्या पहिल्या पाच मिनिटांचं समाधान देतायत. व्हिडिओ बघ, पण संपला की बंद कर आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. सुरुवातीला फार थोडं आठवेल आणि वाईट वाटेल. तरी तेच कर.

माणसामाणसांत शिकण्याचे खरे फरक आहेत, आणि त्यातला फार मोठा फरक म्हणजे आधी किती माहीत आहे. नव्या धड्यात सोडवलेली उदाहरणं पायरीपायरीनं वाचणं फायद्याचं ठरतं. ज्या धड्यात तू तयार आहेस तिथे तीच पायरीवार उदाहरणं तुझा वेळ खातात. तिथे सरळ गणितं सोडवायला घे. म्हणजे भौतिकशास्त्राच्या एका प्रकरणात तू नवशिका आणि दुसऱ्यात जाणकार असू शकतोस, आणि दोन्हीकडे अभ्यासाची रीत वेगळी हवी.

आता झोप. हा परिच्छेद आईला दाखव. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ खरोखरच पुढे सरकतं. टिल रोनेनबर्ग यांनी २००४ मध्ये मोठ्या संख्येनं लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. झोप उशिरा सरकत सरकत साधारण विसाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात उशिराच्या वेळेला पोचते आणि नंतर पुन्हा अलीकडे येऊ लागते. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत अशी शिफारस केली, ती याच कारणानं. त्यामुळे सकाळी जड होणारं डोकं हा आळस नाही. पण घड्याळ पुढे सरकणं वेगळं आणि मोबाइलनं ते आणखी दोन तास ओढणं वेगळं. दुसरा भाग तुझ्या हातात आहे. उठल्यावर लगेच उजेडात जा, सुट्टीच्या दिवशीही रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त उशिरा उठू नकोस, आणि सर्वांत अवघड विषय संध्याकाळी घे. मध्यरात्रीसाठी राखून ठेवू नकोस.

प्रश्न : आम्हाला दोन मुलं. थोरल्याला एकदा सांगितलं की समजतं, पण गृहपाठ अर्धवट, वह्या हरवलेल्या. धाकटी दिवसभर पुस्तक घेऊन बसते, तरी गुण जेमतेम त्याच्याइतकेच. आम्ही थोरल्याला ‘हुशार’ आणि धाकटीला ‘कष्टाळू’ म्हणतो. एका घरात, एकाच वळणात वाढलेली मुलं इतकी वेगळी कशी? आणि हे रक्तातच असेल, तर आमच्या हातात काय उरतं?

उत्तर : बाहेरून घर एक दिसतं, आतून दोन असतात. थोरला मोठ्यांच्या घरात एकटा वाढला, धाकटीला जन्मापासून एक पुढे असलेला भाऊ मिळाला. आईवडिलांचं वय, काळज्या, धीर, सगळं तोवर बदललेलं होतं. शिवाय सख्ख्या भावंडांत बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मीच सारखी असतात. वेगळेपणाचंच आश्चर्य कमी वाटायला हवं.

रक्ताबद्दल. जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जुळ्यांच्या १ कोटी ४५ लाख जोड्यांची माहिती होती, आणि सगळ्या गुणांची सरासरी काढली तर माणसामाणसांतल्या फरकापैकी ४९ टक्के फरक आनुवंशिक निघाला. हा आकडा समूहातल्या फरकाबद्दल आहे. तुमच्या मुलाचा अर्धा विसराळूपणा आजोबांचा आणि अर्धा त्याचा, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि आनुवंशिक म्हणजे न हलणारं, असंही नाही. डोळ्यांचा नंबर बराचसा आनुवंशिक असतो, तरी चष्म्यानं दिसतं.

थोरल्याची काळजी मला जास्त वाटते. विद्यार्थ्यांच्या स्वभावगुणांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आर्थर पोरोपॅट यांनी २००९ मध्ये घेतला. हाती घेतलेलं नीट पुरं करण्याची सवय शालेय यशाशी जोडलेली निघाली, आणि हा संबंध बुद्धिमत्तेपासून बराचसा स्वतंत्र होता. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांवर अजूनही लक्ष ठेवलं जातं. लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त होता, त्यांची तब्येत आणि आर्थिक स्थिती बत्तिसाव्या वर्षी चांगली होती. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही. पण त्याच अभ्यासात एक दिलासा आहे : मोठं होता होता ज्या मुलांचा ताबा सुधारला, त्यांचं पुढचं आयुष्य अपेक्षेपेक्षा बरं गेलं. थोरल्याला उपदेश नको, व्यवस्था द्या. वह्यांची एकच जागा, दफ्तर रात्रीच भरायचं, गृहपाठाची वेळ ठरलेली, आणि या सगळ्याची तपासणी त्यानं स्वतः एका यादीवर खुणा करून करायची. सुरुवातीला शेजारी उभं राहा, मग हळूहळू मागे सरका.

‘हुशार’ हा शब्द मात्र घरातून कमी करा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये शालेय मुलांना कोडी दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. अर्थात शब्द बदलले की सगळं बदलतं, असंही मी सांगणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर ‘क्षमता वाढवता येते’ हे शिकवण्याचा प्रयोग झाला. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच, चार गुणांच्या श्रेणीत सुमारे ०.१. शब्दांच्या मागे रीतही शिकवावी लागते.

आणि म्हणूनच धाकटीकडे बघा. कष्टाळू म्हणून तिचं कौतुक होतंय, पण कष्टांचं फळ तिला मिळत नाहीये आणि ते कुणी तपासलेलं दिसत नाही. ती त्या तासांत काय करते? पुन्हा पुन्हा वाचत असेल तर वर त्या सतरा वर्षांच्या मुलाला सांगितलं तेच तिलाही लागू आहे. तिला एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. अक्षरं जुळवताना दमत असेल, ओळ सुटत असेल, आणि तेच पान तुम्ही वाचून दाखवल्यावर तिला सगळं समजत असेल, तर वाचन-अक्षमतेसाठी तिची तपासणी करून घ्या. या अडचणीचा बुद्धीच्या कमतरतेशी संबंध नसतो. इतकी वर्षं ती दुप्पट वजन उचलून भावाच्या बरोबरीनं चालत असेल, तर या घरातल्या दोन्ही शब्दांची अदलाबदल करावी लागेल.

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांची. निवृत्तीनंतर नवी भाषा शिकायला लागले. वर्गात सगळी तरुण मुलं. त्यांच्या वेगानं जमत नाही, आणि चुकले की दिवसभर मनाला लागतं. मुळातच हळवी आहे मी. या वयात स्वभाव बदलत नाही आणि डोकंही चालत नाही. सोडून देऊ का?

उत्तर : ताई, सोडू नका. वेग कमी झाला आहे हे खरं, पण सगळं डोकं एकाच गतीनं उतरत नाही. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिअॅटलमध्ये सुरू केलेल्या, प्रौढांच्या बुद्धीच्या दीर्घ अभ्यासात हेच दिसलं : झटपट करायच्या कामांचा वेग लवकर घटू लागतो, शब्दसंपदा आणि भाषेची समज मात्र साठीनंतरही टिकून राहते. तुमच्याकडे एका भाषेतल्या सहा दशकांच्या शब्दांचा साठा आहे, नवा शब्द अडकवायला तुमच्याकडे त्या मुलांपेक्षा जास्त खुंट्या आहेत. आणि स्वभावाबद्दल म्हणाल, तर ९२ दीर्घकालीन अभ्यासांचा २००६ मधला आढावा सांगतो की काही गुण मध्यमवयात आणि उतारवयातही बदलत राहतात.

हळवेपणा जाईल असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला लागतं ते चुकणं, की तरुण मुलांसमोर घाईत चुकणं? मला दुसरं वाटतं, आणि त्यावर उपाय सोपा आहे. पुढचा धडा दोन दिवस आधी मिळेल का, ते शिक्षकांना विचारा. मिळाला तर घरी मोठ्यानं वाचून, अडलेले शब्द लिहून मगच वर्गात जा. संवादाचा सराव सगळ्या वर्गासमोर करण्याऐवजी एकाच जोडीदारासोबत करता येईल का, तेही विचारा. महिनाभर असं करून बघा आणि काय फरक पडला ते मला लिहा.